टर्नटेबल, स्पीकर आणि कंपनरोधक पाय : आधी वजन करा, मग खरेदी करा

खर्जषड्ज (धागाकर्ता)

घरच्या ध्वनियंत्रणेखाली बसवायच्या कंपनरोधक पायांविषयी या विभागात वरचेवर प्रश्न विचारले जातात आणि त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. काहींच्या मते पाय बसवताच आवाजाचा कायापालट होतो, तर काहींच्या मते हा निव्वळ पैसे उकळण्याचा धंदा आहे. मला वाटते, ही मंडळी वेगवेगळ्या उपकरणांविषयी बोलत असतात आणि म्हणूनच वाद मिटत नाही. पाय कशाखाली ठेवायचा आहे, त्या वस्तूचे वजन किती आहे आणि कोणत्या वारंवारतेचे कंपन अडवायचे आहे, या तीन गोष्टी निश्चित झाल्याखेरीज कोणत्याही पायाला चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही.

सुरुवात टर्नटेबलपासून (तबकडी फिरवून वाजवणाऱ्या यंत्रापासून) करतो, कारण घरातल्या यंत्रणेत कंपनाचा सर्वाधिक त्रास त्यालाच होतो. एलपी तबकडीच्या खोबणीची रुंदी साधारण 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग असते आणि तिच्या भिंतींवरच्या त्याहूनही कितीतरी सूक्ष्म चढउतारांचे रूपांतर कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) विजेच्या संकेतात करते. सुई गाण्यामुळे हलली की खालचे टेबल हलल्यामुळे हलली, हे ओळखण्याचे कोणतेही साधन कार्ट्रिजकडे नसते. त्यात आणखी एक गोष्ट मिळते. 1954 च्या सुमारास रूढ झालेल्या आरआयएए पद्धतीनुसार तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना फोनो प्रीअँप्लिफायर (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) ते पुन्हा चढवतो. 1000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झला ही चढण 19 डेसिबलहून अधिक, म्हणजे सुमारे नऊ पट असते. टेबलातून आलेली थरथरही याच वाटेने जाते आणि नऊ पट मोठी होऊन स्पीकरपर्यंत पोहोचते. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर किंवा एकाच कपाटावर असतील, तर स्पीकरचे कंपन फळीतून सुईकडे, सुईकडून अँप्लिफायरकडे आणि तिथून पुन्हा स्पीकरकडे असे फिरत राहते. आवाज फार वाढवला की ऐकू येणारी घूं घूं हा या फेऱ्याचा शेवटचा टप्पा असतो, पण त्याच्या बऱ्याच आधी खर्ज गढूळ झालेला असतो. पुरुष गायकाची काळी एकची पट्टी धरली, तर तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास असते. ती तार छेडल्यानंतर तिचा स्वर हळूहळू विरत जाताना स्वच्छ ऐकू येतो, की खाली सतत एक जाडसर गुंजन उरते, हे ऐकून पाहावे. माझ्या अनुभवात टर्नटेबलखालच्या कंपनाची याहून चांगली परीक्षा नाही.

आता पायाचे काम कसे चालते ते पाहू. पाय रबराचा असो, स्प्रिंगचा असो वा सॉर्बोथेनसारख्या चिकट-लवचीक पदार्थाचा असो, त्यावर वजन ठेवले की ती जोडी स्वतःच्या एका ठरावीक वारंवारतेला डोलू लागते. ही वारंवारता काढण्याची सोपी रीत अशी, की वजनाखाली पाय किती मिलिमीटर दबला ते मोजावे, त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि 15.8 ला त्याने भागावे. पाय 1 मिलिमीटर दबला तर 15.8 हर्ट्झ, 4 मिलिमीटर दबला तर सुमारे 8 हर्ट्झ आणि 10 मिलिमीटर दबला तर 5 हर्ट्झ. हा हिशेब स्प्रिंगला अगदी चपखल बसतो. रबर मात्र हलत्या भाराखाली अधिक ताठ वागते, त्यामुळे त्याची खरी वारंवारता या आकड्याहून वर निघते. या वारंवारतेच्या सुमारे 1.4 पटीच्या वर गेल्यावरच पाय कंपन अडवू लागतो. त्याच्या खाली तो ते अडवत नाही आणि स्वतःच्या वारंवारतेपाशी तर उलट वाढवतो.

म्हणून वजन महत्त्वाचे. 40 किलोच्या स्पीकरसाठी बनवलेले पाय 5 किलोच्या टर्नटेबलखाली ठेवले, तर ते जेमतेम दबतात आणि लाकडी ठोकळ्याहून फारसे वेगळे काम करत नाहीत. कॅनडाच्या आयसोअकूस्टिक्स कंपनीचे ओरिया पाय प्रत्येकी 4, 8, 16 आणि 32 पौंड अशा वेगवेगळ्या भारमर्यादांमध्ये मिळतात, ते याच कारणासाठी. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे सर्वांत चांगला, असे समजून तो हलक्या उपकरणाखाली ठेवणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

टर्नटेबलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी विक्रेते क्वचितच सांगतात. टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज मिळून त्यांचा स्वतःचाही एक अनुनाद, म्हणजे आपोआप डोलण्याची ठरावीक वारंवारता, असतो आणि तो 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान असावा, अशी शिफारस आहे. टोनआर्मचे परिणामी वजन कार्ट्रिजसह 20 ग्रॅम आणि कार्ट्रिजची लवचीकता 12 (मायक्रॉन प्रति मिलिन्यूटन) असेल, तर तो 10 हर्ट्झच्या जवळ येतो. आता पायांची वारंवारताही 10 हर्ट्झच असेल, तर कोणी शेजारून चालत गेले तरी सुई खोबणीत डगमगू लागेल. टर्नटेबलखालचा पाय एकतर 5 हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली डोलणारा हवा, नाहीतर त्यात अवमंदन (डोलणे शोषून घेण्याची क्षमता) इतके हवे, की डोलणे एका हेलकाव्यात थांबावे.

जुन्या उत्तम टर्नटेबलांत ही सोय आतच असे. एडगर विलचर यांनी 1961 मध्ये आणलेल्या एआर टर्नटेबलमध्ये तबकडीचे बैठे चाक आणि टोनआर्म एकाच उपचौकटीवर बसवून ती चौकट मऊ स्प्रिंगांवर टांगलेली होती. थोरेन्स टीडी 150 आणि पुढे लिन सोंडेक एलपी 12 यांनी तोच मार्ग धरला. यांपैकी एखादे आपल्याकडे असेल, तर त्याखाली पुन्हा मऊ पाय घालू नयेत. स्प्रिंगवर स्प्रिंग बसली की दोन्ही एकमेकींत गुंततात आणि डोलणे वाढते. अशा टर्नटेबलला हलके पण ताठ टेबल पुरते.

स्पीकरचे गणित निराळे आहे. एखाद्या वूफरचा (खालच्या स्वरांच्या स्पीकरचा) हलणारा भाग 30 ग्रॅमचा आणि पेटी 15 किलोची असेल, तर पडदा 5 मिलिमीटर पुढे गेल्यावर मोकळी पेटी 0.01 मिलिमीटर मागे जाईल. मऊ पायांवर पेटी मागेपुढे हलून स्वर अस्पष्ट होतात, हा आक्षेप या आकड्यापुढे टिकत नाही. पेटी ज्यावर ठेवली आहे ती वस्तू हलते का, हा खरा प्रश्न आहे. काचेचे शोकेस, पोकळ प्लायवूडचे टीव्ही युनिट, पातळ फळीचे टेबल, या वस्तू स्वतःच गाऊ लागतात आणि तिथे योग्य वजनाचे पाय बसवल्यावर 100 ते 300 हर्ट्झच्या पट्ट्यातला डबा वाजल्यासारखा आवाज कमी होतो. आरसीसी स्लॅबवरच्या टाइल्सवर जड स्टँड असेल, तर मला फरक फार थोडा वाटतो.

अणकुचीदार स्पाइक्सचे काम वेगळे आहे. ब्रिटन-अमेरिकेत जाड गालिच्यातून आरपार जाऊन स्पीकर खालच्या जमिनीवर घट्ट बसावा, म्हणून ते वापरात आले. ते कंपन अडवत नाहीत, ते पेटी जमिनीशी जोडतात. आपल्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा उपयोग पातळी साधण्यापुरता आहे आणि खाली धातूची चकती न ठेवल्यास फरशीवर ओरखडे पडतात.

आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती. शक्य असेल तर उपकरणाचे वजन आणि ते कशावर ठेवले आहे हेही सोबत लिहावे.

नाशिकचा श्रोता

लेख उपयुक्त आहे, धन्यवाद. माझा प्रश्न सबवूफरचा (फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा) आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना चित्रपट सुरू असताना छतातून धडधड जाणवते. त्या समजूतदार आहेत, त्यांनी कधी तक्रारीचा सूर लावला नाही, पण त्यांना त्रास होतो हे मला बरे वाटत नाही. सबवूफर 18 किलोचा असून थेट टाइल्सवर ठेवलेला आहे. पायांनी प्रश्न सुटेल का?

खर्जषड्ज (धागाकर्ता)

अर्धा सुटेल, आणि तो अर्धाही मोलाचा आहे. सबवूफरची ऊर्जा खाली दोन वाटांनी जाते. एक वाट पेटीतून थेट स्लॅबमध्ये जाते, तर दुसऱ्या वाटेने खोलीतली हवा स्लॅबला हलवते. पाय फक्त पहिली वाट बंद करतात.

चित्रपटातील धडाक्यांचा मोठा भाग 30 हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर असतो. पायांची वारंवारता 15 हर्ट्झ असेल, तर 30 हर्ट्झला कंपन एक तृतीयांश राहील. तीच 10 हर्ट्झवर आणली, तर ते एक अष्टमांशावर येईल, म्हणजे 18 डेसिबलची घट. 10 हर्ट्झसाठी पाय अडीच मिलिमीटर दबायला हवा. 18 किलो चार पायांवर म्हणजे प्रत्येकी साडेचार किलो, तेव्हा साडेचार किलोखाली अडीच मिलिमीटर दबणारी स्प्रिंग किंवा मऊ रबर शोधावे. एसी कॉम्प्रेसरखाली घालतात ते खाचांचे काळे रबरी पॅड मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत सहज मिळतात, पण ते बहुधा याहून पुष्कळ जड यंत्रांसाठी बनवलेले असतात आणि 18 किलोला दाद देत नाहीत. त्यांचे लहान चौकोनी तुकडे कापून, आधाराचे क्षेत्रफळ कमी करत करत, हवे तितके दबेपर्यंत प्रयोग करता येतो.

हवेतून जाणारा भाग कमी करायचा, तर आवाजच कमी करावा लागेल, किंवा सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढून आपल्या बसण्याच्या जागेजवळ आणावा लागेल, म्हणजे कमी आवाजातही तो आपल्याला पुरेसा ऐकू येईल. रात्री दहानंतर रिसीव्हरमधला नाइट मोड (मोठे आवाज दाबणारी सोय) लावावा, हेही सुचवतो.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथली अडचण जरा उलटी आहे. आमचे घर लाकडी सांगाड्याचे आहे, त्यामुळे पहिल्या मजल्यावरची जमीन तुळयांवर टाकलेल्या प्लायवूडची आहे. खोलीतून कोणी चालले की टर्नटेबलवरची सुई उडते. वर सांगितलेल्या कारणामुळेच असेल, पण विकत घेतलेले मऊ पाय बसवल्यावर सुई अधिकच उडू लागली. पायांच्या जाहिरातीत मात्र असल्या जमिनीचाच उल्लेख होता.

शेवटी भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांना स्क्रूने घट्ट बसवलेली फळी लावली आणि टर्नटेबल तिच्यावर ठेवले. भारवाहू भिंत निवडली होती, नुसती जिप्सम बोर्डाची आडभिंत नव्हे. आता मुलगा खोलीत उड्या मारतो तरी सुई हलत नाही. इथल्या मराठी मंडळींनी भारतातून जुन्या एचएमव्ही तबकड्या आणल्या असतील, तर त्यांनी पायांआधी या फळीचा विचार जरूर करावा.

खर्जषड्ज (धागाकर्ता)

आपला अनुभव महत्त्वाचा आहे. पावलांचे धक्के थेट टोनआर्मच्या अनुनादाच्या पट्ट्यात येतात आणि लाकडी जमीनही तिथेच डोलते. त्या पट्ट्यात काम करणारा पाय बनवणे अवघड असते, कारण 3-4 हर्ट्झच्या स्प्रिंगवर टर्नटेबल डुलू लागते आणि तबकडी बदलणेही कठीण होते. आपल्या स्लॅबच्या घरांत हा त्रास क्वचित होतो, पण पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि मुंबईतल्या लाकडी चाळींत तो नक्की होतो. तिथे राहणाऱ्यांनाही भिंतीवरच्या फळीचाच सल्ला देईन.

मंद्रसप्तक

धागाकर्त्यांनी डीएसी (डिजिटल संगीताचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारे उपकरण) यांविषयी काहीच लिहिलेले नाही. मी माझ्या डीएसीखाली तीन पितळी शंकू आणि त्यांखाली सॉर्बोथेनच्या चकत्या ठेवल्या आहेत आणि मला गायकाचा आवाज वाद्यांपासून अधिक सुटा ऐकू येतो. माझ्या पत्नीलाही फरक जाणवला आणि तिला मी पाय बसवल्याचे ठाऊक नव्हते. कानांना जे ऐकू येते ते नाकारावे, हे मला पटत नाही.

खर्जषड्ज (धागाकर्ता)

आपण ऐकले ते मी नाकारत नाही. त्यामागचे कारण पायच असेल का, इतकीच माझी शंका आहे.

कंपनाचे संकेतात रूपांतर होण्यासाठी उपकरणात तसे करणारा एखादा भाग असावा लागतो. टर्नटेबलमध्ये तो आहेच. व्हॉल्व्हच्या प्रीअँप्लिफायरमध्येही असतो, कारण काचेच्या नळीतली जाळी हलली की प्रवाह बदलतो. 12एएक्स7 व्हॉल्व्हला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी दिली, तर स्पीकरमधून टिंग असा आवाज येतो. अशा उपकरणाखाली मऊ पाय ठेवणे मला सर्वस्वी योग्य वाटते, विशेषतः फोनो विभाग व्हॉल्व्हचा असेल आणि संकेत 40 ते 60 डेसिबलने वाढवला जात असेल तर. काही सिरॅमिक कपॅसिटरही दाबाला विजेने प्रतिसाद देतात, पण नीट आरेखित केलेल्या डीएसीत ते संकेताच्या मार्गात वापरत नाहीत. सीडी प्लेअरच्या बाबतीत धक्का इतका मोठा असेल की लेसरची पकड सुटेल, तर गाणे अडखळते. त्याखालच्या बारीकसारीक चुका त्रुटिनिवारण पद्धत दुरुस्त करते, कारण ती तबकडीवरच्या सुमारे अडीच मिलिमीटर लांबीच्या ओरखड्यातली माहितीदेखील पूर्ववत करू शकते. स्ट्रीमरमध्ये हलणारे काहीच नसते.

शंका तपासण्याचा एक मार्ग सुचवतो. डीएसीचे आउटपुट एखाद्या चांगल्या ऑडिओ इंटरफेसमधून संगणकावर ध्वनिमुद्रित करावे, एकदा पायांसह आणि एकदा पायांविना, स्पीकर त्याच आवाजात वाजत असताना. दोन्ही फाइली जुळवून त्यांची वजाबाकी करावी. फरक असेल तर तो तिथे दिसायला हवा.

मोजपट्टी

मी व्यवसायाने यंत्र अभियंता असून कारखान्यातल्या यंत्रांच्या कंपनांवर काम करतो. मोजमापाविषयी थोडी भर घालतो.

स्पीकरखाली पाय बसवल्यावर लोक लगेच ऐकायला बसतात, पण पाय बसवताना पेटीची उंचीही वाढलेली असते, हे ध्यानात घेत नाहीत. पेटी 4 सेंटिमीटरने वर गेली की ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) आणि कान यांच्यातला कोन बदलतो, पेटीतल्या दोन ड्रायव्हरांच्या (ट्वीटर आणि वूफर यांच्या) आवाजाची बेरीज बदलते आणि जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या आवाजाचा मार्गही बदलतो. हा बदल खरोखर ऐकू येतो, पण त्याचे श्रेय कंपनरोधाला देता येत नाही. म्हणून तुलना करताना पाय काढल्यावर त्याच उंचीचे ताठ लाकडी ठोकळे ठेवावेत. मायक्रोफोनने मोजमाप करणार असाल, तर तो स्टँडवरून जराही हलू देऊ नये. तो काही सेंटिमीटर सरकला तरी आलेखात पायांनी पडणाऱ्या फरकाहून मोठा फरक दिसतो.

टर्नटेबलसाठी याहून सोपी कसोटी आहे. मोटर बंद ठेवून सुई स्थिर तबकडीवर टेकवावी. स्पीकरवर दुसऱ्या स्रोतातून, नेहमीच्या आवाजात, 20 ते 300 हर्ट्झचा हळूहळू चढणारा स्वर वाजवावा. त्याच वेळी फोनो प्रीअँप्लिफायरचे आउटपुट ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिमुद्रण प्रणालीत ध्वनिमुद्रित करावे, मात्र ते स्पीकरकडे अजिबात जाऊ देऊ नये. मुद्रणात जे येईल ते सगळे टेबलातून आणि हवेतून सुईपर्यंत पोहोचलेले कंपन आहे. मग पाय बदलावेत आणि हीच कृती पुन्हा करावी. झाकण लावून आणि काढूनही पाहावे. पुष्कळदा पायांपेक्षा झाकणच अधिक कंपन गोळा करते, कारण हवेतला आवाज त्या मोठ्या पातळ प्लास्टिकवर आदळतो. पाय त्याला काही करू शकत नाहीत.

टेबल किंवा जमीन तपासण्यासाठी जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेले फायफॉक्स हे मोफत अॅप मोबाइलवर घ्यावे. फोन फळीवर ठेवून त्यातील त्वरणमापकाचा वर्णपट पाहिला, की कोणत्या वारंवारतेला फळी डोलते ते कळते. वॉशिंग मशीनचे फिरणे, जवळून जाणारी बस, सगळे त्यात दिसते.

कातळशिल्पी

कोकणातून लिहीत आहे. माझ्याकडे सुमारे 6 किलोचे साधे टर्नटेबल आहे आणि महागडे पाय घेणे परवडणारे नाही. त्याखाली कडप्पा घालून काही साधेल का? ओटा बसवल्यावर उरलेला तुकडा घरात पडून आहे, 45 सेंटिमीटर लांब, 35 रुंद आणि 2 जाड.

मोजपट्टी

साधेल, पण नुसत्या कडप्प्याने नव्हे. आपला तुकडा साधारण साडेआठ किलोचा भरेल. तो थेट टेबलावर ठेवून वर टर्नटेबल ठेवले, तर वजन वाढते पण कंपन अडत नाही. कडप्प्याखाली लवचीक पाय ठेवावेत आणि कडप्प्यावर टर्नटेबल ठेवावे. 6 किलोऐवजी साडेचौदा किलो वजन आल्यावर त्याच स्प्रिंगांची वारंवारता 12 हर्ट्झवरून 8 हर्ट्झच्या खाली उतरते. ती आणखी खाली न्यायला हवी, म्हणून स्प्रिंग मऊ निवडावी. मात्र सगळ्या वेटोळ्या एकमेकींवर टेकेपर्यंत ती दबता कामा नये, नाहीतर ती स्प्रिंग न राहता लोखंडी ठोकळा होते.

कडप्प्याला बोटाच्या पेराने ठोकले तर तो टणत्कारतो. हा आवाज मारण्यासाठी त्याच्या खालच्या बाजूला बुचाचा किंवा रबराचा पातळ पत्रा पूर्णपणे चिकटवावा. सायकलची जुनी ट्यूब अर्धवट हवा भरून खाली घालण्याचा उपायही चांगला चालतो आणि त्याची वारंवारता फारच कमी असते, पण हवा उतरली की एक बाजू खाली जाते, म्हणून दर काही दिवसांनी पातळी तपासावी लागते. सॉर्बोथेन वापरणार असाल, तर ते स्वतःच्या जाडीच्या 10 ते 20 टक्के दबेल इतका भार त्यावर हवा. पॉलिश केलेल्या लाकडावर ते थेट ठेवू नये, डाग पडतात.

कातळशिल्पी

फार उपयुक्त माहिती मिळाली. चार स्प्रिंग चारही कोपऱ्यांत सारख्याच बसवायच्या ना?

खर्जषड्ज (धागाकर्ता)

सारख्या स्प्रिंग, पण जागा सारख्या नव्हेत. टर्नटेबलचे वजन कधीच मध्यभागी नसते. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात असतात, टोनआर्मचे प्रतिवजन उजव्या बाजूला मागे असते. कोपऱ्यांत बसवलेल्या स्प्रिंगांपैकी एखादी 6 मिलिमीटर आणि दुसरी 3 मिलिमीटर दबली, तर प्रत्येक कोपरा वेगळ्या वारंवारतेने डोलतो आणि सरळ वरखाली हलण्याऐवजी टर्नटेबल तिरके झुलते.

किराणा दुकानातला सपाट इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्यावा. कडप्प्याच्या तीन कोपऱ्यांखाली त्या काट्याच्या उंचीचे ठोकळे ठेवावेत आणि चौथ्याखाली काटा. असा प्रत्येक कोपऱ्याचा भार, टर्नटेबल वर ठेवून आणि एखादी एलपी लावून, नोंदवावा. चार आधार असल्याने काटा थोडाफार चुकीचा आकडा दाखवेल, पण जड बाजू कोणती ते नक्की कळेल. मग त्या बाजूच्या स्प्रिंग आत न सरकवता बाहेर, काठाकडे न्याव्यात आणि हलक्या बाजूच्या मध्याकडे आणाव्यात, असे करत चारही स्प्रिंगांची उंची पट्टीने मोजून सारखी येईपर्यंत. शेवटी तबकडीच्या बैठ्या चाकावर पाणसळ ठेवून पातळी पाहावी. तीनच पाय वापरले तर हे काम बरेच सोपे होते, कारण तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, फक्त जड बाजूला दोन ठेवावेत. स्प्रिंग आणल्या की त्यांचा व्यास आणि मोकळी उंची इथे लिहा, म्हणजे दबण्याचा हिशेब करून देतो.